कार्डावरील स्त्री सदस्य

शैलजाबाई इंगवले वारल्या, त्याला दोन वर्षं चार महिने झाल्यावर एका मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता त्या तहसील कचेरीत समक्ष हजर राहिल्या, आपण हयात असल्याची सही केली आणि पोच घेऊन घरी गेल्या.

हे वाक्य आपण वाचलेलंच नाही असं समजून पुढे जाऊ. असं काही घडलेलं नाही. खुद्द इंगवल्यांच्या घरात या विषयावर चकार शब्द निघत नाही, आणि ज्या घरात घडलं त्यांनीच घडलं नाही म्हटल्यावर बाकीच्यांनी आग्रह धरायचं कारण नाही.

तर कौमुदी. ही शैलजाबाईंची सून. लग्नाला तीन वर्षं झालेली, वय सत्तावीस, कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी माती परीक्षण प्रयोगशाळेत नोकरीला. गावाचं नाव सांगता येत नाही. सांगितलं तर तिथल्या कचेरीतून खुलासा येतो, आणि तो तीन प्रतींत येतो.

कौमुदीचा वरचा डावा सुळा रांग सोडून पुढे उभा होता, ग्रुप फोटोत कुणी न बोलावता पुढे येऊन उभं राहतं तसा. खालच्या चार दातांची एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी दाटी. सुळा माहेरचा होता. तिच्या वडिलांना होता, आजोबांना होता, वाईतल्या समस्त शेडग्यांत तो आडनावासारखा चालत आलेला होता. कौमुदी लहानपणापासून तोंडावर हात ठेवून हसायची. लग्नाच्या अल्बममध्ये तिचे दोनशे चाळीस फोटो आहेत आणि त्यांतल्या दोनशे चाळीस फोटोंत तिचा हात आहे. चेहरा काहींतच आहे.

म्हणून तिनं दात सरळ करून घ्यायचं ठरवलं. कुणी टोमणा मारला नव्हता, कुणी भाग पाडलं नव्हतं. नवरा निनाद तर म्हणाला होता, "मला आवडतो तुझा सुळा. तुला लांबून ओळखता येतं." तिनं ते कौतुक म्हणून घेतलं नाही.

इथे थोडं दातांबद्दल सांगायला हवं. दात हाडात सिमेंट लावून बसवलेला नसतो, बारीक तंतूंच्या झोळीत टांगलेला असतो. त्याला एका बाजूनं दाबत राहिलं की दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं, पाठीमागे मोकळ्या झालेल्या जागेत नवं हाड भरतं, आणि दात सरकतो. गर्दीत माणूस पुढे सरकतो तसाच, म्हणजे स्वतःच्या कर्तबगारीनं नव्हे, समोरचा हटला म्हणून. तारा लावणारे डॉक्टर कित्येक पिढ्या हेच करत आले. फक्त हाड आपल्या सवडीनं विरघळायचं, म्हणून दोन-दोन वर्षं लागायची.

मग जिवंत साचा निघाला. दिसायला पारदर्शक, नखाइतका जाड, जेवताना काढून ठेवायचा. त्यात हाड खाणाऱ्या आणि हाड बांधणाऱ्या पेशींना इशारे देणारी द्रव्यं भरलेली, आणि कुठला इशारा कधी सोडायचा हे ठरवणारी तांदळाच्या दाण्याएवढी चकती. दोन वर्षांचं काम सोळा आठवड्यांत. पण या पेशींना दाताचं हाड आणि हनुवटीचं हाड यांतला फरक कळत नाही. इशारा आला की त्या कामाला लागतात. म्हणजे दाताबरोबर जबडा हलवता येतो, हनुवटी येते, गालाखालची कपारही. आणि चेहऱ्याचा खालचा निम्मा भाग म्हणजे तरी काय, दातांच्या खांबांवर ताणलेला मांडव. खांब हलले की ओठ आत जातात, नाक लांब वाटायला लागतं, हसताना पडणारी वळी भलतीकडे पडते. साच्याला नुसता एक फोटो दिला की तो उलटं गणित मांडून त्या चेहऱ्याच्या दिशेनं चालू लागायचा.

लोकांनी अर्थातच नट्यांचे फोटो दिले. एका तालुक्यात एकाच नटीचा जबडा असलेल्या बत्तीस मुली झाल्या. त्यांतल्या एकीच्या लग्नात नवरदेवानं माळ करवलीच्या गळ्यात घातली, भटजींनी वेळ टळू नये म्हणून मंगलाष्टकं थांबवली नाहीत, आणि शासनाला जाग आली. नियम निघाला: संदर्भ चेहरा हा अर्जदाराच्या रेशनकार्डावरील सदस्याचाच असावा, स्त्रीस स्त्रीचा, पुरुषास पुरुषाचा. अर्जदारास स्वतःचा चेहरा संदर्भ म्हणून देता येणार नाही, कारण तसे असल्यास उपचाराची गरज काय, असा शेरा एका उपसचिवांनी मारला होता, आणि शेऱ्याचा नियम झाला.

रेशनकार्ड तेव्हा धान्यापुरतं राहिलेलं नव्हतं. दवाखाना, हजेरी, औषधं, सगळं त्याला जोडलेलं. लग्नानंतर कौमुदीचं नाव वाईच्या कार्डावरून कमी होऊन इंगवल्यांच्या कार्डावर चढलं. त्या कार्डावर चार नावं होती: सासरे शशिकांत, म्हणजे आबा, निनाद, कौमुदी, आणि शैलजाबाई. मेलेल्या माणसाचं नाव कार्डावरून कमी करायचं असतं हे आबांना माहीत नव्हतं, असं नाही. आबा निवृत्त तलाठी. गावोगावच्या मयतांच्या नोंदी घालण्यात त्यांची हयात गेलेली. बायकोच्या तेराव्यानंतर ते एकदा कचेरीत गेलेही होते. अर्ज हातात घेतला, 'नाव कमी करण्याचे कारण' या रकान्याशी आले, आणि "जेवणाची सुट्टी आहे" असं सांगून घरी परतले. तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते.

डॉ. तबस्सुम मुजावर यांच्या दवाखान्यात पहिल्या दिवशी आबा सोबत गेले, कारण संमती कुटुंबप्रमुखाची लागते. कौमुदी आत एक्स-रेला गेली तेव्हा स्वागतकक्षातल्या मुलीनं आबांच्या हातात पाटी दिली. "आजोबा, तेवढं मान्य करा."

पडद्यावर शैलजाबाईंचा फोटो आला. कार्डावरची, कौमुदी सोडून, एकुलती एक स्त्री सदस्य. फोटोखाली ओळ होती: 'हा चेहरा मान्य आहे का?' तिच्याखाली 'होय' आणि 'नाही'.

सदतीस वर्षं संसार केलेल्या माणसापुढे हा प्रश्न असा ठेवू नये. आबांनी 'होय' दाबलं.

*

पहिले चार आठवडे सुखाचे गेले. सुळा दररोज केसभर आत जात होता. तिसऱ्या आठवड्यात निनादनं काहीतरी फालतू विनोद केला आणि कौमुदी हात न लावता हसली. आपला हात मांडीवरच राहिलाय हे तिच्या नंतर लक्षात आलं. त्या दिवशी तिनं स्वतःचे चौदा फोटो काढले.

पाचव्या आठवड्यात आवाज बदलला. 'स' म्हणताना हवा जिभेच्या शेंड्यावरून दातांवर घासत जाते. दातांची ठेवण बदलली की 'स' बदलतो. कौमुदीचा 'स' आता बारीक शीळ घातल्यासारखा निघायला लागला. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "निनाद, सांडशी सापडत नाहीये."

हॉलमध्ये निनाद उठून उभा राहिला. मोबाइल बंद केला. मोरीत जाऊन हातपाय धुऊन आला. मग स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाला, "मी कुठं घेतली?"

"तू घेतलीस असं कोण म्हणालं? आणि हातपाय कशाला धुतलेस?"

"माहीत नाही," निनाद म्हणाला. तो फवारणीचे ड्रोन दुरुस्त करायचा, शिकलेला माणूस होता. "पाय आपोआप गेले."

सातव्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या दारावरचं हजेरीचं यंत्र तिच्याकडे बघून म्हणालं, "शैलजा शशिकांत इंगवले. वय एकसष्ट. या कार्यालयात आपली नेमणूक नाही. अभ्यागतांनी तीन ते पाच या वेळेत यावे."

ही यंत्रं कातडी बघत नसत. कातडीला लोक रंगरंगोटी करून फसवतात, म्हणून ती हाडांमधली अंतरं मोजत. कौमुदीनं चष्मा लावला, काढला, केस बांधले, सोडले. यंत्र ठाम होतं. साहेब बाहेर आले.

"मॅडम, मी ओळखतो हो तुम्हाला," ते कळवळून म्हणाले. "पण मी ओळखून काय उपयोग?" कौमुदीनं रजा टाकली.

त्याच संध्याकाळी तिनं आईला व्हिडिओ कॉल लावला. वाईत आईनं फोन उचलला, पडद्यावर बघितलं, घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "नमस्कार विहीणबाई. कशा आहात? कौमुदी आहे का घरात?"

विहीणबाईंच्या दहाव्याला ती स्वतः आली होती. पण शिष्टाचार आधी जिभेवर येतो, आठवण मागाहून.

"आई, मी आहे."

पलीकडे मग आईचा पदर खाली आला आणि ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "कौमुदे, आपला सुळा कुठाय गं?"

*

"काम नमुनेदार झालंय," डॉ. मुजावर म्हणाल्या. पंधरावा आठवडा चालू होता. "ब्याण्णव टक्के जुळतंय."

"कशाशी?" उत्तर ठाऊक असूनही कौमुदीनं विचारलं.

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. एका बाजूला कौमुदी, दुसऱ्या बाजूला शैलजाबाईंचा रेशनकार्डावरचा फोटो. रेशनकार्डावर जगातला कुठलाही माणूस चांगला दिसलेला नाही. फोटोवाल्यानं "हसू नका" म्हटल्याच्या पुढच्याच क्षणी तो काढलेला असतो, आणि "तू कोण मला सांगणारा" हे त्यात ओठांवर स्वच्छ उमटलेलं असतं. शैलजाबाई एरवी बऱ्या दिसायच्या. साच्यानं मात्र चौदा आठवडे खपून कौमुदीच्या जबड्यात तो एक क्षण बांधला होता.

"हे कुणी निवडलं?"

"निवडायला दुसरं कुणी नव्हतंच. तुमच्या सासऱ्यांनी मान्य केलं. मला वाटलं, घरातलं ठरलेलं असेल. हल्ली लोक बरंच काही ठरवतात."

कौमुदीनं हनुवटीला हात लावला. "परत फिरवा."

"संदर्भ रद्द झाला तर फिरतो साचा. दुसरा संदर्भ नसेल तर तो तुमच्या पहिल्या एक्स-रेकडे जातो. पण रद्द करायचा म्हणजे त्यांचं नाव कार्डावरून कमी व्हायला पाहिजे, कुटुंबप्रमुखाच्या सहीनं. आणि सोळा आठवडे भरले की साचा हाड पक्कं करायचा इशारा सोडतो. त्यानंतर मी नाही, कुणीच नाही."

"म्हणजे पुढच्या शुक्रवारपर्यंत."

"हो. आणि फिरला तर सगळा फिरेल हं. सुळ्यासकट."

आपण इथे विचारात पडू असं कौमुदीला वाटलं होतं. पण तोंडून लगेच निघालं, "सुळ्यासकट." आणि दोन्ही 'स' शीळ घालत बाहेर पडले.

*

घरी गेल्यावर सही मागणं सोपं नव्हतं, कारण घर सुधारलं होतं.

बायको गेल्यापासून आबा ओट्यापाशी उभ्यानं जेवायचे, परक्या घरात चोरून खाल्ल्यासारखे. आठव्या आठवड्यापासून ते पाटावर बसायला लागले. भाजी दुसऱ्यांदा मागू लागले. साखर आटोक्यात आली. मधुमेहाच्या डॉक्टरांनी विचारलं, काय बदल केलात, तर म्हणाले, "काही नाही, सुनेनं दात बसवून घेतले."

नणंद, प्राजक्ताताई, बाराव्या आठवड्यात पुण्याहून आली होती. ती आईशी भांडून गेली होती आणि आई असताना परत आलेली नव्हती. दारात कौमुदीला बघून तिनं बॅग खाली टाकली. चहा झाला, इकडचं-तिकडचं झालं, मग ती एकदम जवळ सरकली आणि कौमुदीच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"वहिनी, मला माहितीय हे येडचाप आहे. एकदाच म्हण. राग गेला म्हणून."

कौमुदी अवघडून बसली. हात कुठे ठेवावा कळेना. तो ताईच्या केसांवर गेला. "सोड ते आता," ती म्हणाली. "संपलं."

प्राजक्ताताई अर्धा तास रडली आणि हलकी होऊन गेली. स्टँडवरून मेसेज आला: 'थँक्यू वहिनी.' लगेच दुसरा: 'थँक्यू आई.' कौमुदीनं दुसऱ्याला उत्तर दिलं नाही. मग देऊन टाकलं. मग पाच मिनिटं साबण लावून तोंड धुतलं.

निनाद हॉलमध्ये झोपायला लागून दोन महिने झाले होते. त्याचं प्रेम कमी झालेलं नव्हतं. उलट तो पूर्वी न करायचा त्या गोष्टी करत होता. ताट उचलून ठेवायचा. बाहेर जाताना "जाऊ का?" विचारायचा. एकदा तिनं त्याचा हात धरला तर दचकून म्हणाला, "नखं कापलीत मी."

"निनाद, मी तुझी बायको आहे."

"माहितीय गं. रोज स्वतःला सांगतो. पण तुझ्याकडे बघितलं की मला शाळेचा डबा आठवतो. त्याला मी काय करू?"

*

रविवारी दुपारी आबा पडवीत शेंगा निवडत बसले होते. कौमुदीनं अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो तलाठ्यासारखा वाचला, आधी तळटीप, मग मजकूर.

"कारणाचा रकाना मोकळा ठेवलायस."

"तो तुम्हीच भरायचाय, आबा."

आबांनी चष्मा काढला. "मी फसवलं नाही तुला. त्या पोरीनं हातात पाटी दिली, आणि हिचा फोटो आला. मान्य आहे का, होय की नाही. आता तू सांग, मी काय दाबायला पाहिजे होतं?"

कौमुदीनं अर्ज त्यांच्याकडे आणखी सरकवला.

"वेड लागलेलं नाही मला," आबा म्हणाले. "तू कौमुदी आहेस. शेडग्यांची लेक. मला सगळं कळतं. फक्त तू ताट वाढून वळलीस की मी जरा तिरका बघतो. तेवढंच करतो मी. त्यानं तुझं काय जातं?"

"काय जातं?" कौमुदीचा आवाज चढला, आणि चढलेला आवाज तर हुबेहूब तोच निघाला. आबा नकळत सरळ होऊन बसले. "आबा, मी आरशापुढे उभी राहिले की पदर नीट करायला हात वर जातो. मी साडीच नेसत नाही! निनाद मला विचारल्याशिवाय बाहेर जात नाही. माझ्या आईनं मला नमस्कार घातला. मी कुठं गेले, हे या घरात एकानंही विचारलेलं नाही. कारण कुणाला चुकल्यासारखंच वाटत नाहीये."

आबांनी दोन शेंगा फोडल्या. दाणे खाल्ले नाहीत, बाजूला ठेवले. मग पेन घेतलं आणि रकान्यात, आयुष्यभर जसं लिहिलं तशा ठसठशीत अक्षरांत, एक शब्द लिहिला: मयत. सही केली. सहीखालची तारीख मात्र त्यांना दोनदा गिरवावी लागली.

*

मंगळवारी दोघं कचेरीत गेले. कौमुदीनं बाहेर थांबायला हवं होतं. पण पायऱ्या चढताना आबांनी तिचा दंड धरला आणि सोडला नाही, म्हणून ती आत गेली. पुरवठा शाखेच्या खिडकीवर यंत्र होतं, आणि समोर येईल त्याची नोंद घेणं हे त्याचं काम होतं. ते त्यानं केलं.

अव्वल कारकून घोरपडे यांनी अर्ज वाचला. "शैलजा शशिकांत इंगवले. मयत." मग पडद्याकडे बघितलं. मग कौमुदीकडे. "या?"

"या नाही," आबा म्हणाले. "ही सून."

"पडद्यावर शैलजा आलंय. वय एकसष्ट." घोरपड्यांनी मान वाकडी करून नीट न्याहाळलं. "वाटत नाही हो मावशी. काय खाता?"

"मी कौमुदी आहे," कौमुदी म्हणाली. "कौमुदी निनाद इंगवले. त्याच कार्डावर आहे. बघा."

घोरपड्यांनी बघितलं. "आहे की. कौमुदी निनाद. शेवटची दिसल्याची नोंद नऊ आठवड्यांपूर्वी, माती परीक्षण. त्यानंतर बाई कुठंच दिसलेल्या नाहीत." ते सहानुभूतीनं चुकचुकले. "बारा आठवडे झाले की आपोआप बेपत्ता लागतं. कळवलंय का पोलिसात?"

"मी इथे उभी आहे!"

"तुम्ही उभ्या आहात हो मावशी. तुमच्याबद्दल वादच नाही."

"माझा अंगठा घ्या."

"अंगठे बंद होऊन सहा वर्षं झाली. राबणाऱ्या माणसांचे उमटायचेच नाहीत, नुसती भांडणं व्हायची."

आबांनी पिशवीतून मृत्यूचा दाखला काढून पुढे सरकवला. घोरपड्यांनी तो उजेडात धरला, शिक्का तपासला. "दाखला खरा आहे. पण तो दोन वर्षांपूर्वीचा, आणि हजेरी आत्ताची. दोन नोंदींत विरोध आला तर अलीकडची ग्राह्य. तुम्ही खात्यातलेच ना आबा? तुम्हीच सांगा."

"बरोबर आहे," आबा म्हणाले. त्यांचा आवाज कुठून तरी लांबून आला. "नियम बरोबर आहे."

घोरपड्यांनी छापील कागद पुढे केला. 'सदर सदस्य समक्ष हजर. हयात. नाव कायम.' "सही करा मावशी. नाही केली तर अर्ज प्रलंबित राहतो, आणि प्रलंबित अर्जाचं कार्ड गोठतं. मग यांची औषधं मिळायची नाहीत." नंतर, मदत करायची म्हणून, त्यांनी खिडकीतून पुढे वाकून हळूच विचारलं, "आणि आलाच आहात तर सुनेचं नाव कमी करायचंय का? खेप वाचेल."

आबा आता मागच्या बाकावर जाऊन डोळे मिटून बसले होते. पिशवीत त्यांची इन्सुलिनची सुई होती. कौमुदीनं पेन घेतलं आणि सही केली. शैलजा इंगवले. पहिल्याच प्रयत्नात ती इतकी सराईत आली की घोरपड्यांनी तारीखही विचारली नाही, स्वतःच टाकली.

सुनेचं नाव कमी करायला मात्र तिनं नाही म्हटलं. सासूच्या नात्यानं.

*

शुक्रवारी सकाळी ती डॉ. मुजावरांपुढे बसली होती.

"नियमानं मला काहीच करता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आज साचा पक्का होणार."

"आणि मी तो घातलाच नाही तर?"

डॉक्टरांनी दार लोटून घेतलं. "पक्कं न झालेलं हाड मऊ असतं. दातांना जुनी ओढ असते, ते मागे सरकतात. पण किती, आणि सगळे सारखेच का, ते कुणी सांगू शकत नाही. चेहरा तुमचा होणार नाही. त्यांचाही राहणार नाही. कुठेतरी मध्येच थांबेल. असा सल्ला मी देऊ शकत नाही."

"नका देऊ."

त्याच दिवशी दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान ती प्रयोगशाळेत गेली, अभ्यागत म्हणून रीतसर नाव लिहून. आणि स्वतःच्या टेबलावरच्या आम्लाच्या भांड्यात तिनं तो साचा सोडला. तांदळाच्या दाण्याएवढी चकती सगळ्यात शेवटी विरघळली. साहेब शेजारी उभे होते. ते म्हणाले, "मी काही बघितलं नाही," आणि मग, "खरं म्हणजे मी बघून काय उपयोग, म्हणा."

डॉक्टर म्हणाल्या तसंच झालं. सुळा बाहेर निघाला आणि अर्ध्या वाटेत तिरका थांबला. हनुवटी तिथेच राहिली. 'स' कधी शीळ घालायचा, कधी नाही. यंत्रांनी तिला शैलजा म्हणणं सोडलं, पण कौमुदी म्हणायला सुरुवात केली नाही. ती नुसती 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणत. रजा संपली, मग बिनपगारी रजा सुरू झाली. आई वाईहून फोन करायची, पण साधा, चित्र बंद ठेवून. एका रविवारी दुपारी निनाद उशी घेऊन खोलीच्या दारात आला.

"आत येऊ?"

"कुणाला विचारतोयस?"

"खरं सांगू? ओळखत नाही मी. पण भीती वाटत नाहीये." मग उशी छातीशी धरून तो आत आला आणि पलंगाच्या कडेला, पाहुण्यासारखा, बसला. कौमुदीला त्यातल्या त्यात हे बरं वाटलं.

आबा पुन्हा कमी जेवायला लागले. तिरकं बघणं त्यांनी सोडलं होतं. बघण्यासारखं फारसं उरलेलं नव्हतं. आणि अशात एका दुपारी, ती आत कपडे घड्या करत असताना, पडवीतून त्यांची हाक आली. इतक्या महिन्यांत, चेहरा ब्याण्णव टक्के जुळत होता तेव्हासुद्धा, त्यांनी ती कधी मारली नव्हती.

"शैलू, पाणी आण गं."

"आले हो," कौमुदी म्हणाली.

आवाज तिचा स्वतःचा होता. शीळ नव्हती, काही नव्हतं. तांब्या घेऊन ती पडवीत गेली तेव्हा आबा तिच्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. चुकीची हाक मारल्यामुळे की ती कुणीतरी घेतल्यामुळे, ते तिनं विचारलं नाही. ते पाणी प्याले. तिनं तांब्या परत नेला.

दुसऱ्या दिवशी तिनं अर्ज लिहिला. तो कचेरीत दाखल आहे, त्याला आवक क्रमांक पडलेला आहे.

'मा. तहसीलदार साहेब यांस. विनंती अर्ज करते की, मी खाली सही करणार नाही, कारण कोणत्या नावाने करावी याबद्दल आपल्याच कार्यालयाचे दुमत आहे. माझ्या सासूबाई मयत असून आपल्या दप्तरी हयात आहेत. मी हयात असून येत्या सोमवारी आपल्या दप्तरी बेपत्ता होत आहे. यातील कोणतीही नोंद बदलण्याची मागणी या अर्जाद्वारे नाही. नियम बरोबर आहे, हे मला जाणत्या माणसाकडून समजले आहे. फक्त आपल्या अधिकारातील एखाद्या जबाबदार कर्मचाऱ्याने एक दिवस, यंत्र न आणता, आमच्या घरी यावे, दुपारी पडवीत बसावे, आणि सासऱ्यांनी मयत व्यक्तीच्या नावाने हाक मारली असता ती कोणी घ्यावी, व कोणीच न घेतल्यास ते तहानलेले राहतात त्याची जबाबदारी कार्डावरील कोणत्या सदस्याची, याबाबत समक्ष पाहणी करून लेखी आदेश द्यावेत, ही नम्र विनंती.'